विमान सुटताना एसी का बंद पडतो? जेट इंजिन सुरू होण्याची गोष्ट

खिडकीची_जागा · रविवार, रात्री ९:१२

गेल्या आठवड्यात पुणे–दिल्ली प्रवास झाला. सीट पंखाच्या जरा मागे, खिडकीला. दारं लागली, विमान मागे ढकलायला सुरुवात झाली आणि डोक्यावरचा गार वारा एकदम थांबला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "लाइट गेले वाटतं." त्यानंतर पायाखालून घरघर सुरू झाली. आवाज चढत चढत गेला, मध्येच एक दबका 'हुंप्' असा हुंकार आला, दिवे क्षणभर लुकलुकले आणि एसी परत आला. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूचं इंजिन तसंच सुरू झालं. त्या वेळी मात्र खालून कुत्रं भुंकल्यासारखा विचित्र आवाज येत होता.

गाडीची किल्ली फिरवली की दोन सेकंदांत इंजिन चालू होतं. इथे जवळपास मिनिट का लागतं? इंजिन सुरू होण्याचा एसीशी काय संबंध? आणि तो भुंकण्याचा आवाज कसला? जाणकारांनी सविस्तर सांगावं, मला खरंच समजून घ्यायचं आहे.

हँगर_रात्रपाळी · रविवार, रात्री ११:४०

ताई, तुम्ही आवाजांचा क्रम नीट लक्षात ठेवलात, त्यामुळे माझं काम सोपं झालं. विमान दुरुस्तीच्या कामात मला बावीस वर्षं झाली.

एसीची हवा आणि इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरची हवा एकाच नळीतून येते. विमानाच्या शेपटीत एक छोटं टर्बाइन इंजिन असतं, त्याला एपीयू म्हणतात. ते स्वतः बॅटरीवर सुरू होतं आणि मग उभ्या विमानाला वीज आणि दाबाची हवा पुरवतं. मोठं इंजिन सुरू करायच्या वेळी ती सगळी हवा स्टार्टरला लागते, म्हणून तेवढ्यापुरता एसी बंद. एअरबस ए३२० मध्ये एसीचे व्हॉल्व्ह आपोआप मिटतात, बोइंग ७३७ मध्ये वैमानिक स्विच फिरवून बंद करतात.

हा स्टार्टर दोन हातांत उचलता येईल एवढा असतो. आत पात्यांचं एक चाक, त्याला जोडलेली दातेरी चाकं, आणि एक क्लच. दाबाची हवा पात्यांवर आदळली की चाक भयंकर वेगानं फिरतं. दातेरी चाकं तो वेग कमी करून जोर वाढवतात, आणि तो जोर इंजिनाच्या गिअरबॉक्समधून आतल्या उच्च दाबाच्या कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या पात्यांच्या, दांड्याला मिळतो. एवढ्याच ताकदीची विजेची मोटर लावायची तर ती कितीतरी जड झाली असती. खिडकीतून दिसणारा पुढचा मोठा पंखा या दांड्याला जोडलेलाच नसतो. आतून हवा वाहायला लागली की तो मागाहून, सावकाश फिरू लागतो.

ए३२० वरच्या सीएफएम५६ इंजिनाचे आकडे सांगतो. या आतल्या दांड्याचा शंभर टक्के वेग म्हणजे मिनिटाला १४,४६० फेरे. स्टार्टरनं तो १६ टक्क्यांवर आणला की ठिणगी सुरू होते. २२ टक्क्यांवर, म्हणजे साधारण ३,२०० फेऱ्यांवर इंधन सोडलं जातं. इंधन पेटतं, तोच तुमचा 'हुंप्'. पण एवढ्यावर इंजिन स्वतःच्या पायावर उभं राहत नाही. या क्षणी स्टार्टर सोडला तर ते बसेल. म्हणून आग आणि स्टार्टर दोघं मिळून त्याला ५० टक्क्यांपर्यंत ओढतात. मग हवेचा व्हॉल्व्ह मिटतो, ठिणगी थांबते, आणि इंजिन आपलं आपण ५८–६० टक्क्यांवर जाऊन स्थिरावतं. त्याचा जनरेटर एपीयूकडून विजेचा भार घेतो, त्या घडीला दिवे लुकलुकतात. या सगळ्याला मिळून ते मिनिट लागतं.

भुंकण्याचा आवाज हायड्रॉलिकच्या एका यंत्राचा. एका बाजूच्या तेलाचा दाब वापरून दुसऱ्या बाजूला दाब तयार करणारं ते यंत्र दुसरं इंजिन सुरू होताना स्वतःची चाचणी घेतं. ए३२० मध्ये हा आवाज रोजचा आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मुक्त_वाचक · सोमवार, सकाळी ७:०५

वाचनखूण साठवली आहे. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

बागायतदार_तासगाव · सोमवार, सकाळी ८:३०

रात्रपाळी साहेब, फार छान समजावलंत. आमच्या विहिरीवर वडिलांच्या काळातलं किर्लोस्करचं डिझेल इंजिन होतं. ते हँडल मारून सुरू करायचं. आधी डोक्यावरचा डिकम्प्रेशनचा खटका उचलायचा, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. दोन्ही हातांनी हँडल गरगर फिरवायचं, चाकानं वेग घेतला की खटका पाडायचा. डुग... डुग... डुगडुगडुग. वेग कमी पडला तर एक धूर सोडून गप्प बसायचं, मग पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या समजुतीप्रमाणे तुमचंही तत्त्व हेच, आधी वेग आणि मग आग. शंका अशी की स्टार्टरचा जोर कमी पडला तर टर्बाइनही आमच्या इंजिनासारखं नुसतं गप्प बसतं ना? पुन्हा प्रयत्न केला की झालं?

हँगर_रात्रपाळी · सोमवार, दुपारी २:१५

दादा, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. टर्बाइन आणि डिझेल इंजिन इथेच वेगळे पडतात, आणि या धाग्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच.

तुमच्या डिझेल इंजिनाचा दट्ट्या हळू चालो की जोरात, प्रत्येक खेपेला सिलिंडर भरून हवा घेतो. टर्बाइनला असं माप नाही. त्याचा कॉम्प्रेसर जेवढ्या वेगानं फिरेल तेवढीच हवा आत ढकलणार, आणि वेग अर्धा झाला तर हवेचा दाब अर्ध्याहूनही खूप खाली जातो. आता त्या कमी हवेत ठरल्याप्रमाणे इंधन सोडलं तर काय होईल? टर्बाइनमध्ये येणाऱ्या हवेतला थोडाच भाग जाळायला वापरला जातो. उरलेली बरीचशी हवा ज्वलनकक्षाच्या भिंती थंड ठेवायला आणि पात्यांवर जाणारा झोत निववायला लागते. जोर कमी पडला की सगळ्यात आधी ही निववणारी हवा गायब होते. इंजिन गप्प बसत नाही, ते पेटतं, पण पुढे चढत नाही, आणि तापमान मात्र चढत राहतं. सीएफएम५६ ला सुरू करताना झोताच्या तापमानाची मर्यादा ७२५ अंश आहे. ती ओलांडायला काही सेकंद पुरतात, आणि मग आतली पाती तपासल्याशिवाय विमान उडत नाही.

तुमची बॅटरी उतरली तर ट्रॅक्टर उभा राहतो. टर्बाइनची उतरली तर ते भाजतं.

यावरून आम्हाला शिकवलेला क्रम सांगतो: आधी वारा, मग ठिणगी, मग इंधन. स्टार्टर, व्हॉल्व्ह, ठिणगी पाडणारा इग्नायटर, संगणक असा सगळा पसारा हा क्रम मोडू नये म्हणून आहे.

खिडकीची_जागा · सोमवार, दुपारी ३:०२

म्हणजे गॅसच्या शेगडीसारखंच! आई ओरडायची, "आधी लायटर, मग बटण." बटण आधी फिरवून लायटर शोधत बसलं की भक्कन भडका.

हँगर_रात्रपाळी · सोमवार, दुपारी ३:२०

अगदी तेच, ताई. इंधन सोडलं आणि ठिणगी पडलीच नाही तर कक्षाच्या तळाशी रॉकेलसारखं इंधन साचतं. मग उशिरा पेट घेतला तर मागून भलीमोठी ज्वाळा येते. म्हणून पेट घेतला नाही की इंधन तोडायचं आणि स्टार्टरवर इंजिन कोरडं फिरवत ठेवायचं, म्हणजे साचलेलं सगळं बाहेर उडून जातं. आजकालची संगणकवाली इंजिनं हे स्वतःहून करतात.

ग्रंथसंग्राहक · सोमवार, सायं. ६:४५

साचलेल्या इंधनाचा धोका पहिल्या दिवसापासूनचा आहे. ब्रिटिश अभियंते फ्रँक व्हिटल यांनी त्यांचं जेट इंजिन पहिल्यांदा फिरवलं ते १२ एप्रिल १९३७ रोजी, इंग्लंडमधल्या रग्बी इथल्या कारखान्यात. विजेच्या मोटरनं दांडा फिरवला, हाताने फिरवायच्या मॅग्नेटोनं (ठिणगीपुरती वीज तयार करणाऱ्या यंत्रानं) ठिणगी पाडून छोटी ज्योत पेटवली आणि मुख्य इंधनाचा झडप उघडला. इंजिन किंचाळत वेग घेऊ लागलं. व्हिटलनी झडप बंद केला तरी वेग वाढतच राहिला. आसपासचे लोक पळून गेले, ते एकटे जागेवर राहिले. नंतर कळलं की आधीच्या जुळवाजुळवीत गळून कक्षाच्या तळाशी इंधनाचं डबकं साचलं होतं, आणि झडप बंद केल्यावर इंजिन त्या डबक्यावर पळत होतं. मग तळाला निचऱ्याची सोय केली.

जर्मन मेसरश्मिट २६२ या जेट लढाऊ विमानाच्या इंजिनात वेगळीच युक्ती होती. त्याच्या तोंडाशी, हवा आत जाते तिथल्या शंकूत, एक छोटं दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन बसवलेलं असे. गरज पडली तर माणसानं समोर उभं राहून दोरी ओढून ते सुरू करायचं, त्याने मोठं इंजिन फिरवायचं.

तिसरा_टप्पा · सोमवार, रात्री १०:२०

मी छोट्या टर्बोप्रॉपवर, म्हणजे टर्बाइननं पंखा फिरवणाऱ्या विमानावर, वैमानिक आहे. रात्रपाळी दादांनी 'भाजतं' हा शब्द वापरला, त्यावर माझा अनुभव लिहिल्याशिवाय राहवत नाही. जागा आणि कंपनी सांगत नाही.

दोन पीटी६ इंजिनांचं विमान. आमच्याकडे हवेचा स्टार्टर नसतो, २८ व्होल्टचा स्टार्टर-जनरेटर असतो, म्हणजे जी मोटर इंजिन फिरवते तीच नंतर वीज तयार करते. थंडीची पहाट, विमान रात्रभर उघड्यावर. बाहेरून वीज देणारी गाडी यायला उशीर होता, प्रवासी आलेले. बॅटरीचा व्होल्टेज नियमात बसत होता, पण जेमतेम. भरीला वारा मागून, थेट एक्झॉस्टच्या नळ्यांत.

इंधन सोडायला कमीत कमी १२ टक्के वेग लागतो. आकडा १२ वर आला, तिथेच घुटमळला. मी अजून दोन सेकंद थांबून तो चढतोय की बसतोय हे पाहायला हवं होतं. मी इंधनाची लिव्हर पुढे केली. पेट लगेच घेतला. नेहमी तापमानाची सुई चढते, शिखर गाठते आणि परत खाली वळते. त्या दिवशी ती वळेना. सातशे, आठशे, नऊशे. वेग विशीतच अडकलेला. मर्यादा १,००० अंश, तीही पाच सेकंदांची. मी लिव्हर मागे ओढली, इंधन तोडलं, आणि हात स्टार्टरच्या स्विचवर तसाच ठेवला. इंधन तोडल्यावर स्टार्टर सोडायचा नाही, कारण आत अडकलेली धग बाहेर काढणारा वारा आता तेवढाच असतो. सुई ९४० च्या आसपास जाऊन खाली आली.

इंजिन वाचलं, मर्यादा ओलांडली नव्हती. तरी मी लॉगमध्ये लिहिलं, इंजिनिअरला बोलावलं, उड्डाण दोन तास उशिरा गेलं. प्रवाशांमध्ये एक पेशंटचे नातेवाईक होते, त्यांची मी हात जोडून माफी मागितली. तेव्हापासून बॅटरी जेमतेम असेल तर मी गाडीची वाट पाहतो आणि वारा मागून असेल तर विमान वळवून घेतो, कोणी कितीही घाई केली तरी.

बागायतदार_तासगाव · सोमवार, रात्री १०:५५

वाचताना माझाच हात स्विचवर असल्यासारखं वाटलं. लॉगमध्ये लिहिलंत हे फार मोलाचं.

रसायन_विद्यार्थी · मंगळवार, सकाळी ९:१०

एक प्रश्न. गाडीच्या पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग मिनिटाला हजारो ठिणग्या टाकतो. मग जेट इंजिनात एवढा वेग असताना प्लगही तेवढ्याच वेगानं चालत असणार ना?

हँगर_रात्रपाळी · मंगळवार, दुपारी १:३०

उलट आहे. गाडीत दर आवर्तनाला आग विझते आणि नव्यानं लावावी लागते. टर्बाइनमध्ये चूल एकदा पेटली की तेवतच राहते. म्हणून इग्नायटर सेकंदाला एखाद-दुसरीच ठिणगी टाकतो आणि इंजिन उभं राहिलं की बंद होतो.

पण ती ठिणगी साधी नाही. गाडीच्या प्लगची ऊर्जा मिलिज्यूलमध्ये मोजतात. इथे इग्नायटरला वीज पुरवणाऱ्या एक्सायटरच्या डब्यात कपॅसिटर भरला जातो आणि तो ४ ते २० ज्यूल एका फटक्यात सोडतो. ठिणगी म्हणजे निळसर-पांढरा जाडजूड लोळ असतो. एवढं का लागतं? थंड रॉकेल आळशी असतं, त्याचे थेंब आधी वाफ व्हायला हवेत. आणि कक्षात हवा सेकंदाला साधारण २५ मीटरनं वाहत असते, तर रॉकेलची ज्योत स्वतःहून सरकते ती त्याच्या कितीतरी कमी वेगानं. सोसाट्याच्या वाऱ्यात काडी पेटवताना आपण तळहात आडवा धरतो ना? कक्षाच्या तोंडाशी हवेला भोवरा देणारी पाती असतात. त्या भोवऱ्याच्या पोटात हवा उलटी फिरते, तो आडोसा. ज्योत तिथे टिकते, आणि इग्नायटरचं टोक बरोबर त्या आडोशाच्या कडेला पोचावं लागतं. थोडं आत गेलं तर जळतं, थोडं बाहेर राहिलं तर थेंबांपर्यंत ठिणगी पोचत नाही. ही खोली आम्ही पातळ वॉशर कमीजास्त करून जुळवतो.

प्रत्येक इंजिनाला दोन इग्नायटर असतात, सीएफएम५६ ला समोरून घड्याळाच्या चार आणि आठच्या जागी. ए३२० मध्ये संगणक ते आलटून पालटून वापरतो, ७३७ मध्ये डावा की उजवा ते वैमानिक निवडतात. यावरून एक जुनी केस आठवली. पावसाळ्याचे दिवस, एका ७३७ ची तक्रार: सकाळी पेट घेत नाही, दुसऱ्या प्रयत्नात घेतं. आम्ही तपासायला गेलो की सगळं ठीक. इंधनाचा दाब पाहिला, स्टार्टर बदलला, तरी दोन-तीन दिवसांनी तीच तक्रार. चौथ्या रात्री मी लॉगबुक घेऊन नुसता बसलो आणि प्रत्येक तक्रारीच्या वेळी स्विच कुठे होता हे क्रूला विचारून लिहायला सुरुवात केली. सगळ्या तक्रारी उजव्या इग्नायटरच्या निघाल्या. दुसऱ्या प्रयत्नाला वैमानिक डावा निवडत, म्हणून पेट घेई. उजव्याची केबल काढून टोक टॉर्चखाली धरलं तर आतल्या चिनीमातीवर केसासारखी एक काळी रेघ होती. रात्रीच्या ओलाव्यात वीज त्या रेघेवरून पळून जायची, आणि दुपारी इंजिन तापून कोरडं असताना सगळं नीट चालायचं. म्हणूनच आमच्या तपासणीत ती सापडत नव्हती.

विद्यार्थी मित्रांसाठी आवर्जून: या डब्याला कधी सहज हात लावू नका. वीज तोडल्यावरही ठरलेली मिनिटं थांबूनच केबल सोडवायची असते. कपॅसिटरमध्ये उरलेला भार माणूस मारू शकतो.

लोहगावची_सकाळ · मंगळवार, सायं. ५:१५

माझं बालपण पुण्यात लोहगावला गेलं, वडील हवाईदलात होते. कॅनबेरा बॉम्बर विमानं तिथे असत. ती काडतुसानं सुरू होत. बंदुकीसारखं मोठं काडतूस उडवायचं आणि त्याच्या वायूनं स्टार्टर फिरायचा. धाड असा आवाज, इंजिनाच्या अंगातून काळ्या धुराचा लोट, आणि मग तो चढत जाणारा शिट्टीसारखा सूर. त्या धुराचा फटाक्यांसारखा वास आमच्या क्वार्टरपर्यंत यायचा. आई वाळत घातलेले कपडे आत घ्यायची. २००७ मध्ये कॅनबेरा निवृत्त झाली ती बातमी वाचली तेव्हा तोच वास आठवला.

ओझरकर · मंगळवार, रात्री ९:३०

मी नाशिकजवळ ओझरला एचएएल, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीत होतो, आता निवृत्त. आम्ही मिग-२१ बनवत होतो, इंजिनं ओडिशातल्या कोरापूटहून यायची. मिग-२१ एफएल च्या इंजिनाला सुरू करायला वेगळं पेट्रोल लागायचं. उडायचं रॉकेलवर, पण पहिली ज्योत पेट्रोलची, कारण पेट्रोल चटकन पेटतं. त्यासाठी छोटी स्वतंत्र टाकी. ती रिकामी राहिली तर बाकी सगळं विमान तयार असूनही उपयोग शून्य. शिवाय आकाशात इंजिन विझलं तर पुन्हा पेटवायला ऑक्सिजनची बाटली. उंचावर हवा विरळ, म्हणून ज्योतीला थोडा प्राणवायू वरून द्यायचा.

पुढे सुखोई-३० आलं. त्यात बॅटरी एका छोट्या टर्बाइनला सुरू करते, आणि ते छोटं टर्बाइन मोठ्या इंजिनाला. निरांजनानं समई लावावी तसं. तेजसच्या स्टार्टरचं छोटं टर्बाइन, जीटीएसयू-११०, तर एचएएलनं स्वतः विकसित केलेलं आहे. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला तेजसची नवी जुळणी सुरू झाली, त्या दिवशी मी कुंपणाबाहेर उभा होतो. आवाज ऐकला आणि डोळे भरून आले.

मेलबर्नकर · बुधवार, पहाटे ४:५०

आकाशात विझलेल्या इंजिनावरून. २४ जून १९८२ ची ब्रिटिश एअरवेजची फ्लाइट ९. लंडनहून ऑकलंडकडे निघालेलं ७४७, वाटेत मुंबईला थांबून पुढे आलेलं. इंडोनेशियातल्या जावाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि ३७,००० फुटांवर चारही इंजिनं बंद पडली. तिथे स्टार्टर कशाने फिरवला असेल? एपीयू चालू होता का?

हँगर_रात्रपाळी · बुधवार, दुपारी १२:१०

तिथे स्टार्टरची गरजच नव्हती. बागायतदार दादांना पटेल असं सांगतो, तो धक्का स्टार्ट होता. विमान खाली घसरत असताना समोरून येणारा वारा कॉम्प्रेसरला फिरवतो. पुरेसा वेग असेल तर तेवढ्यावर ठिणगी आणि इंधन देऊन इंजिन पेटवता येतं. त्या रात्री क्रू पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होता आणि पेट घेत नव्हता, कारण राख वितळून काचेसारखी आत चिकटली होती. इंजिनं थंड झाल्यावर ती काच तडकून सुटली आणि राखेच्या ढगाखाली, साडेतेरा हजार फुटांच्या आसपास, चौथं इंजिन पेटलं. मग बाकीची. विमान जकार्ताला सुखरूप उतरलं.

उलट उदाहरण इंडोनेशियातलंच. जानेवारी २००२ मध्ये गरुडा या विमान कंपनीचं ७३७ गारपिटीत सापडलं, दोन्ही इंजिनं विझली. पुन्हा पेटवण्याचे प्रयत्न फसल्यावर एपीयू सुरू करायला गेले, तर बॅटरीनं तेवढा भार पेलला नाही आणि विमानातली सगळीच वीज गेली. वैमानिकांनी विमान बेंगावान सोलो नदीत उतरवलं. साठ जणांपैकी एका हवाई सेविकेचा जीव गेला. मुसळधार पावसात, बर्फात, गारांत इग्नायटर सतत चालू ठेवतात ते यासाठी. ज्योत विझलीच तर पुढची ठिणगी सेकंदाच्या आत हजर असावी.

कोल्हापूरची_फेरी · बुधवार, सायं. ७:४०

छोट्या एटीआर विमानाच्या शेपटीत एपीयू दिसत नाही. आणि एकदा विमानात शिरताना उजवं इंजिन चालू होतं, पण त्याचा पंखा थांबलेला! हे कसं?

तिसरा_टप्पा · बुधवार, रात्री ८:२०

बरोबर पाहिलंत. एटीआर ७२ ला एपीयू नसतो. उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून तेच इंजिन एपीयूचं काम करतं, वीज आणि हवा देतं. पंखा ज्या टर्बाइनला जोडलेला असतो ते आतल्या कॉम्प्रेसरच्या दांड्याला जोडलेलं नसतं, मध्ये फक्त वायूचा झोत. म्हणून पंखा धरून ठेवला तरी आतलं इंजिन फिरत राहतं.

खिडकीची_जागा · शनिवार, रात्री १०:०५

परत आले. या खेपेला ए३२० निओ होतं. एसी थांबल्यापासून दिवे लुकलुकेपर्यंत मोजत होते, मागच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. घरघर सुरू झाली आणि 'हुंप्' येईचना. बिघाड असेल का असं क्षणभर वाटलं. आणि खाली कानाला हेडफोन लावलेला एक माणूस इंजिनाकडे टक लावून उभा होता. तो काय पाहत असतो?

हँगर_रात्रपाळी · शनिवार, रात्री ११:५०

बिघाड नव्हता, ताई. इंजिन बंद केल्यावर आतली धग वर जाते, त्यामुळे दांड्याची वरची बाजू खालच्यापेक्षा गरम राहते आणि दांडा किंचित वाकतो. एकाच अंगानं उन्हात तापलेली फळी वाकते तसा. निओच्या नव्या इंजिनांत पाती आणि बाहेरचं कवच यांत फट फार कमी असते. वाकलेला दांडा तसाच वेगात फिरवला तर पाती घासतील. म्हणून इंधन न देता नुसत्या वाऱ्यावर आधी फिरवत ठेवतात, दांडा सगळीकडून सारखा निवून सरळ झाला की मग ठिणगी.

तो खालचा माणूस म्हणजे आमच्यातलाच कोणी. पंखा फिरायला लागला का, खालच्या निचऱ्याच्या नळीतून तेल किंवा इंधन ठिबकतंय का, मागून धूर की ज्वाळा, हे तो बघतो आणि कॉकपिटला सांगतो. कधी हवेचा व्हॉल्व्ह विजेवर उघडत नाही. तेव्हा इंजिनाच्या झाकणाला एक छोटं भोक असतं, त्यात लांब दांड्याचा पाना घालून आम्ही तो हाताने उघडतो. मी एकदा जुलैत, रात्री अडीचला, रेनकोटात हे केलंय. कानात वैमानिकाचा आवाज, "उघडा." पाना पाव फेरा फिरवला. हातभर अंतरावर इंजिन जागं होऊ लागलं. पान्याच्या दांड्यातून थरथर कोपरापर्यंत येते. इंधन गेलं, पेट घेतला, झाकण गरम वाटायला लागलं. मी आकडे ऐकत होतो: तीस, चाळीस, अठ्ठेचाळीस. "बंद करा." पाना उलटा फिरवून काढला, भोकाचं झाकण लावलं, वैमानिकाला सांगितलं, आणि आलो त्याच आखलेल्या वाटेनं, तोंडासमोरून न जाता, मागे सरलो.